बाहेर बघणारी कुत्री

गुद्रुनच्या खिडकीतली चिनी मातीची दोन पांढरी कुत्री तीस वर्षं गल्लीकडे बघत बसली होती. त्यांना कुणी हात लावायचा नाही, हे फानो बेटावरच्या सोनरहो गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिच्या भाचीला, सिग्नेला. सिग्ने ऑर्हुस शहरात राहते, लोकांची घरं सजवून देते आणि त्याचे पैसे घेते.

नवरा दर्यावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, घरी आला की आत. बेटावर असंच चालत आलंय. हल्ली बऱ्याच घरांत ती नुसती शोभेला असतात, कुणी कशीही ठेवतं. गुद्रुनची शोभेची नव्हती.

तिचा नवरा सोनिक एका जहाजावर इंजिनियर होता. एका ऑक्टोबरात आइसलँडहून त्याचं जहाज परतायचं होतं, ते परतलं नाही. निदान गुद्रुनला तसंच वाटलं. नऊ दिवस ती खिडकीशी बसून होती. अंगात ताप, हातात थंड झालेली कॉफी. दहाव्या दिवशी फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्यानं मान खाली घालून सांगितलं, की जहाज केव्हाच एस्बियेरला लागलंय आणि सोनिक बंदराजवळ एका बाईच्या घरी राहतोय. एस्बियेर म्हणजे फेरीनं बारा मिनिटं. तेव्हापासून कुत्री बाहेर बघत राहिली. आता ती वाट बघत नव्हती, पहारा देत होती, आणि हे गावाला न सांगता कळलं होतं. गुद्रुन शाळेच्या स्वयंपाकघरात राबली, निवृत्त झाली, पण तिचा राग काही निवृत्त झाला नाही.

पुढे घराचं छप्पर शाकारायला झालं. जुनं गवत काळं पडलेलं, पावसाचं पाणी थेट पलंगावर. कर्ज मागितलं तर बँक हसली. मग गुद्रुननं उन्हाळ्यात घर सुट्टीवाल्यांना भाड्यानं द्यायचं आणि स्वतः मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत राहायचं ठरवलं. पहिल्या उन्हाळ्यात मोजून चार पाहुणे आले. दारं ठेंगणी आहेत, खोल्या काळोख्या आहेत, वाळवलेल्या माशांचा वास येतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. शेवटी सिग्नेला बोलावणं गेलं.

सिग्नेनं आठ दिवसांत घराची रया घालवली. आजेसासऱ्यांनी रंगवलेल्या भिंतींच्या हिरव्या फळ्या पांढऱ्या केल्या. कोटांच्या खुंट्या उपटल्या, घरच्यांचे फोटो खोक्यात भरले. कोपऱ्यात जाड दोरखंड गुंडाळून ठेवला, त्यानं काही बांधायचं नव्हतं. आणि कळस म्हणजे काचेच्या बरणीत शिंपले आणले, विकत. दारातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं तर पायाला टोचतील इतके शिंपले ज्या बेटावर पडलेत, त्या बेटावर ही पोरगी दुकानातून शिंपले घेऊन आली. गुद्रुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, पाहुण्याला घर आपलंसं वाटायला हवं," सिग्ने म्हणाली. "तुझ्या घरात शिरलं की तू कुठल्याही क्षणी ओरडशील असं वाटतं."

"ओरडतेच आहे," गुद्रुन म्हणाली, आणि धुण्याच्या खोलीचं दार आपटून आत गेली.

ती आत असताना सिग्नेनं जाहिरातीसाठी घराचे फोटो काढले. खोलीतून खिडकी छान दिसत होती, फक्त कुत्र्यांच्या पाठी येत होत्या. तिनं कुत्री वळवली, फोटो घेतला आणि तशीच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची दाग्नी केक घेऊन दारात. डोळ्यांत पाणी. "मला तरी सांगायचंस गं," म्हणाली, "केव्हा आला तो?"

गुद्रुन तिला तिथंच सोडून घरात धावली आणि कुत्री पुन्हा बाहेर वळवली. मग फोनवर भाचीला जे काही बोलली, ते अर्ध्या गल्लीनं ऐकलं. सिग्ने रडली, पण फोटो काढून टाकायला तयार होईना. त्याच फोटोमुळे बुकिंग यायला लागलं होतं. ऑगस्टपर्यंतच्या सगळ्या तारखा भरल्या. छपरासाठी गुद्रुननं तोंड बंद ठेवलं, आणि त्यामुळे तिला भाचीपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. पाहुण्यांची नावं मात्र ती विचारायची नाही. माझ्या पलंगावर कोण झोपतंय ते मला कळायलाच नको, म्हणायची.

जूनमध्ये तीन रात्रींसाठी एकटाच माणूस येणार होता. दुपारच्या बसमधून तो उतरला. वाकलेला, हातात छोटी बॅग. गुद्रुन किल्ली घेऊन दारात उभी होती. चाल बघूनच तिनं ओळखलं.

सोनिक खिडकीपाशी थबकला. कुत्री त्याच्याकडेच बघत होती.

"फोटोत तर आत वळवलेली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तू बोलावलंस."

"भाचीनं वळवली. पाहुणे यावेत म्हणून."

"ती बाई गेली गं, गुद्रुन. दोन वर्षं झाली."

तीस वर्षं मनात घोळवलेली एकेक शिवी गुद्रुनच्या ओठांवर आली. आइसलँडहून महिन्यात परतणाऱ्या माणसाला एस्बियेरहून यायला तीस वर्षं लागली होती, आणि आला तो फोटो बघून. पण तिनं किल्ली पुढे केली.

"पैसे भरलेस ना? मग राहा. नियम दारामागे लावलेत, वाचून घे. बूट बाहेर काढायचे. आणि खिडकीतल्या वस्तू हलवायच्या नाहीत."

तो आत गेला. सवयीनं कोट अडकवायला हात वर केला, तर तिथं खुंटी नव्हती. पांढऱ्या भिंतींकडे, दोरखंडाकडे, विकतच्या शिंपल्यांकडे बघत तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला टेकला, कोट मांडीवर घेऊन. भाचीनं एवढं एक काम बरं केलं, असं गुद्रुनला पहिल्यांदाच वाटलं.

संध्याकाळी ती खिडकीखालच्या बाकावर बटाटे सोलत बसली. गल्लीतून दाग्नी आली. काचेतून तिला आतला म्हातारा दिसला, तिनं ओळखलाही. मग तिची नजर कुत्र्यांवर गेली. खिडकी उघडीच होती.

"नवरा घरी नाही वाटतं?" दाग्नीनं विचारलं, आत ऐकू जाईल असं.

"नाही," गुद्रुन म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला. "पाहुणा आहे. शुक्रवारी जाईल."