उजव्या दरवाजाचा पोचा

नाव : भिका देवजी उराडे. वय : सत्तेचाळीस (स्वतः पन्नास सांगतो, आधारकार्ड चव्वेचाळीस सांगतं, सरासरी काढली). राहणार : तलासरी तालुका. धंदा : मोटारगाड्यांचे पत्रे सरळ करणे. शिक्षण : सहावी, पैकी चौथीपर्यंत नियमित. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याला नख नाही. पूर्वीचे गुन्हे : निरंक. सिनेमाशी संबंध : एक दिवस, मनाविरुद्ध. सदर इसम शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली नसताना असे सांगतो की, पांढऱ्या गाडीच्या उजव्या दरवाजावरील पोचा त्याने स्वतःच्या हाताने, दिवसाढवळ्या, कलेसाठी पाडला.

यातला ‘कलेसाठी’ हा शब्द लिहून घेणाऱ्या हवालदाराचा. भिका म्हणाला होता, “त्या येड्यांसाठी.”

भिकाची शेड हायवेच्या सर्व्हिस रोडला आहे. अठरा वर्षं तिथं तो एकच काम करतो : चेपलेला पत्रा पूर्ववत करणं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी, आणि पत्रा जिथून आला तिथं परत जाईपर्यंत थांबायचं नाही. या धंद्यात माणसाला नको ते ज्ञान होतं. गाडी समोर आली की गिऱ्हाईकानं तोंड उघडायच्या आत भिकाला खरं कळलेलं असतं. म्हैस धडकली तर पोचा गोल आणि उथळ येतो, वर केस चिकटलेले असतात. ट्रकचा पोचा कोनात. “उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेला हो,” असं सांगणाऱ्या भिलाडच्या एका शेठला तो म्हणाला होता, “शेठ, उभ्या गाडीला खांब येऊन ठोकत नाही.” शेठनं पुन्हा तोंड दाखवलं नाही. आता त्याच्या घरचे लोक गाडी घेऊन येतात.

नविन हा त्याचा भाचा, बहीण रूपीचा मुलगा, वय तेवीस. त्यानं आणि चार मित्रांनी मिळून वापीहून एक जुनी पांढरी गाडी आणली. आमच्याकडे गाड्या अशाच येतात. गुजरातेत कोणीतरी बारा वर्षं वापरतो, कंटाळतो, आणि मग ती सीमा ओलांडून इकडच्या पोरांचं स्वप्न होते. नविनच्या स्वप्नाला तेव्हा चारी दरवाजांवर मिळून सतरा पोचे होते. भिकानं वर्षभराच्या रविवारी ते काढले. पोरांनी पुढं काळ्या काचा लावल्या, पोलिसांनी त्या काढायला लावल्या. मागं गाडीपेक्षा जड साउंड बॉक्स बसवला. काचेवर ‘आईबाबांची कृपा’ लिहिलं, ज्यात मामांचा उल्लेख नव्हता. रविवारी आठ जण कोंबून चिंचणीच्या किनाऱ्यावर जायचं, गाडी वाळूपासून लांब उभी करायची, आणि समुद्राकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसायचं. यापलीकडे त्या गाडीनं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मग तुषार आला.

तुषार गोरेगावचा, सिनेमाचा दिग्दर्शक. सिनेमा लो बजेट होता, आणि हे तो अशा तऱ्हेनं सांगायचा की जणू बजेट उपास करत होतं. विषय : उपनगरातली कष्टकरी पोरं आणि त्यांच्या गाड्या.

“पण सर, हे उपनगर नाही,” नविन म्हणाला.

“लोकल डहाणूपर्यंत येते ना?”

“डहाणूपर्यंत येते. आम्ही तलासरीला.”

“म्हणजे उपनगराच्याही पलीकडे! अरे, हे तर अजून रॉ आहे,” तुषार म्हणाला, आणि तलासरीचं पुढं काय करायचं ते ठरलं.

नविनला छोटी भूमिका मिळाली. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस कापून आला. तुषारनं त्याच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. “तुझ्या चेहऱ्यावर संघर्षच दिसत नाही रे.” मग त्याला दुसऱ्या कोणाचा तरी फाटका बनियन दिला आणि गालावर जुनं ऑइल चोळलं. खरं ऑइल शेडमध्ये डबाभर होतं, पण ते पुरेसं काळं दिसेना म्हणून मुंबईहून आणलेलं चोळलं. गुटखा खाऊन थुंकायचा एक शॉट होता. नविन गुटखा खात नाही. मग कात पाण्यात कालवून तोंडात भरायला दिला आणि नऊ वेळा थुंकायला लावलं. दहाव्या वेळी कॅमेरा चालू होता.

रूपी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. “याला थुंकू नको शिकवायला मला पाच वर्षं लागली,” ती भावाला म्हणाली. “यांनी सकाळभरात विसरवलं.”

“तरी बरं, हागायचा शॉट नाही,” भिका म्हणाला.

दुपारी तुषार शेडमध्ये आला आणि त्यानं गाडीच्या दरवाजावरून हात फिरवला. भिकाला वाटलं, कौतुक करतोय.

“दादा, ही फारच क्लीन आहे. हिला एक डेंट पाहिजे. हिरो एका बाईकवाल्याला उडवतो आणि पळून जातो.”

“दरवाजानं?”

“हो. म्हणजे, दरवाजावर दिसलं पाहिजे.”

“दरवाजानं कोणी उडवत नाही. बाईक येऊन दरवाजावर आदळते. म्हणजे तुमचा हिरो सिग्नल न देता उजवीकडे वळला, मागून बाईक ओव्हरटेक करत होती. चूक हिरोची.”

“चूक कोणाची, ते आपण प्रेक्षकांवर सोडलंय, दादा.”

“पत्रा सोडत नाही.”

“अहो, साधा कसाही डेंट चालेल.”

“कसाही म्हणजे कसा? बाईक कुठली? उंच की बुटकी? स्पीड किती?”

तुषारनं डोळे मिटले, एक खोल श्वास घेतला, आणि सांगितलं, बाईक लाल. लाल म्हणजे राग. बाकी दादांना योग्य वाटेल तसं.

भिकानं नकार द्यायला हवा होता. तो म्हणालाही, “सरळ पत्र्यावर मी हात टाकत नाही.” पण नविन काताचं तोंड घेऊन समोर उभा राहिला. “मामा, एवढं कर ना. आपली गाडी पिक्चरमध्ये येतेय. रविवारी काढून टाकू. तुला काय, एका तासाचं काम.”

भाच्यासमोर माणूस मूर्ख होतो. भिकानं दरवाजा बिजागरीतून उतरवला, आतलं कव्हर काढलं, काच आणि तिची यंत्रं बाजूला ठेवली, कारण पोचा खोटा असला तरी काच खरी होती. दरवाजा वाळूच्या पोत्यावर आडवा ठेवला. बाईकच्या हँडलचं टोक जिथं घुसलं असतं तिथं खोल खड्डा, त्याच्याखाली टाकीचा पसरट दाब, तळाशी पायदानाचा आडवा ओरखडा, ओरखड्यात घासलेलं काळं रबर. शेडमागं भंगारात लाल टाकी पडली होती, तिचा रंग खरवडून टाकीच्या दाबावर चोळला. मग दरवाजा परत बसवला आणि हात साबणानं दोनदा धुतले. एरवी तो एकदाच धुतो.

“दादा, तुम्ही आर्टिस्ट आहात!” तुषार म्हणाला. भिकाला शिवी ऐकल्यासारखं झालं.

मंगळवारी शूटिंग संपलं आणि मंडळी गेली. मागं चहाचे दोनशे कागदी कप आणि पोचा राहिला.

बुधवारी दिवेलागणीला सायवन फाट्यावर एक पांढरी गाडी सिग्नल न देता उजवीकडे वळली आणि मागून येणारा बाईकवाला तिच्यावर आदळून पडला. गाडी थांबली नाही. बाईकवाल्याचा पाय मोडला. नंबर त्यानं पाहिला नव्हता. बाईक लाल होती.

शुक्रवारी सकाळी नविनला हायवेवर अडवलं. हवालदारानं दरवाजा पाहिला, रबर पाहिलं, लाल रंगाला बोट लावून पाहिलं, आणि गाडीसकट त्याला चौकीत नेऊन बसवलं.

नविनला सोमवारी उंबरगावच्या एका कंपनीत बसचा ड्रायव्हर म्हणून हजर व्हायचं होतं. वर्षभर त्यानं त्या नोकरीची वाट पाहिली होती. कागद सगळे पुरे होते, फक्त चारित्र्याचा दाखला सोमवारी सकाळी द्यायचा होता. गुन्हा दाखल झाला की दाखला गेला, दाखला गेला की नोकरी.

रूपी धावत शेडवर आली. “दादा, तू सतरा पोचे काढलेस, ते कोणाला दिसले नाहीत. तू पाडलास तोच नेमका त्यांना सापडला.”

भिकानं तुषारला फोन लावला. सातव्या वेळी उचलला. भिकानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, “दरवाजा आधी सरळ होता, ते तुमच्या शूटिंगमध्ये आलंय. तेवढं चौकीत पाठवा.”

“दादा, मला मनापासून वाईट वाटतंय. पण फेस्टिवलचा नियम असतो, आधी एक फ्रेमसुद्धा बाहेर दाखवता येत नाही. निर्माते मारतील मला.”

“पोराची नोकरी जाईल.”

“हो ना. व्यवस्था कशी कष्टकऱ्यांना चिरडते बघा.” मग तो म्हणाला, “दादा, नविन तिथं बसलाय, त्याचा मोबाइलवर एखादा व्हिडिओ मिळेल का? शेवट मला अजून सापडलेला नाही.”

भिकानं फोन ठेवला आणि शेडच्या मागं जाऊन थुंकला. कात न खाता, पहिल्याच टेकमध्ये.

चौकीच्या मॅडमनी भिकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे पोचा खोटा आहे.”

“हो मॅडम.”

“प्रत्येक मामा हेच सांगतो. शब्द वेगळे असतात.”

“काच खाली करून बघा. खऱ्या ठोकरीत एवढा पत्रा आत गेला तर काच अडकते.”

हवालदारानं काच खाली केली. लोण्यासारखी गेली. वर आली. मॅडमनी ते दोनदा करवून घेतलं.

“तू पत्र्याचाच कारागीर. काच नंतर नीट केली असशील. पोचा काढायला वेळ मिळाला नाही.” बोलण्यात दम होता. भिका त्यांच्या जागी असता तर हेच म्हणाला असता. “हातानं पाडला म्हणतोस ना? मग अगदी असाच दुसरा पाडून दाखव. इथं, पंचांसमोर.”

“कशावर?”

हवालदारानं चौकीच्या जीपकडे पाहिलं. मॅडमनी हवालदाराकडे पाहिलं.

“या गाडीला डावा दरवाजा आहे ना?” मॅडम म्हणाल्या.

भिका बराच वेळ डाव्या दरवाजाकडे बघत उभा राहिला. सतरापैकी पाच पोचे याच दरवाजाचे होते. सगळ्यात हट्टी एक याच्यावरच होता, तीन रविवार खाल्लेला. आत बाकावर नविन बसला होता. त्यानं मामाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“पोतं पाहिजे,” भिका म्हणाला. “वाळूचं. आणि माझी हातोडी शेडवर आहे.”

चहावाला हिरू आणि पंक्चर काढणारा रघ्या असे दोन पंच बसवले. हिरूनं विचारलं, “भिकाकाका, चांगल्या दरवाजाची वाट लावायला पंच कशाला लागतात?”

“कायद्यासाठी,” हवालदार म्हणाला.

“मग आधीचा?”

“कलेसाठी,” हवालदार म्हणाला. शब्द त्याला आवडला होता.

भिकानं आधी उजव्या पोच्याला दोरी लावून मापं घेतली. मग काम सुरू केलं. हवालदारानं मोबाइलवर सगळं टिपलं. कोणी ‘अॅक्शन’ म्हटलं नाही, कोणी पुन्हा करायला लावलं नाही. पस्तीस मिनिटं फक्त हातोडीचा आवाज होता. हँडलचा खड्डा, टाकीचा दाब, पायदानाचा ओरखडा. रबरासाठी रघ्यानं जुन्या ट्यूबचा तुकडा दिला. लाल रंगासाठी हवालदारानं सरकारी डबा आणला, ज्यानं चौकीची पाटी रंगवतात.

मॅडमनी टेप लावून दोन्ही दरवाजे मोजले. लांबी सारखी, रुंदी सारखी, खोलीत एका सुताचा फरक. त्यांनी दोन्ही काचा खालीवर करून पाहिल्या. मग त्या पहिल्यांदाच हसल्या. “कमाल आहे. कोणता खरा, सांगता येत नाही.”

“दोन्ही खोटे आहेत, मॅडम,” भिका म्हणाला.

रघ्यानं अंगठा दिला, हिरूनं सही केली. नविनवर गुन्हा दाखल झाला नाही. सोमवारी दाखला मिळाला आणि तो कंपनीच्या बसवर हजर झाला. सायवन फाट्यावरची पांढरी गाडी अजून सापडलेली नाही. हायवेवर शोधायला पांढऱ्या गाड्या पुष्कळ आहेत.

गाडी सोडताना चौकीत नविनकडून पावती घेतली. तीत लिहिलं आहे : ‘सदर वाहन ताब्यात घेतले त्या वेळी ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत, कोणतेही नुकसान न होता, मालकास सुस्थितीत परत मिळाले. तक्रार नाही.’ नविननं खाली सही केली आणि किल्ली घेतली.

गाडीच्या दोन्ही बाजूंना पोचे होते.