गॅसवरचा उंबरा

आईच्या छातीत धूर बसला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितलं आणि मी, नव्या नोकरीच्या तोऱ्यात, खटपट करून गॅस घरी आणला. ओट्याचं दादांनी, म्हणजे वडिलांनी, मनावर घेतलं. काळ्या कडप्प्याचा ओटा, शेगडीच्या दोन्ही अंगांना उभे कडप्पे आणि त्यांवर डबे ठेवायला एक आडवा दगड. तो दगड मात्र त्यांना विकतचा नको होता.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की त्यात बुडालेलं आमचं जुनं गाव, पळसदेव, चिखलातून वर येतं. आमचं घर बुडालं तेव्हा मी पाळण्यात होतो. दादांना मात्र त्याचं जोतं डोळे मिटूनही सापडायचं. ते ट्रॅक्टर घेऊन गेले आणि घराचा उंबराच उचलून घेऊन आले. गवंड्यानं तो घासूनपुसून शेगडीवर बसवला.

दगड देखणा होता, पण वाळेचना. ऐन मे महिन्यात भिंती कोरड्याठाक आणि हा आपला ओलाच. ओट्यापाशी गेलं की धरणाचा वास यायचा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी त्या दगडाकडं पाठ करायला मला नको वाटायचं.

आई तेव्हा कळसला, माहेरी गेली होती. परत आली, ओटा बघून हरखली, आणि दगडाच्या टवका उडालेल्या कोपऱ्यावर तिची नजर गेली.

"ह्यो कुठनं आणला?"

"वळखला न्हाईस? माप ओलांडून ह्याच्यावरनंच आलीस की तू," दादा कौतुकानं म्हणाले.

"आन पोरीला ह्याच्यावरनंच नेली," आई म्हणाली.

माझ्या आधी आईला एक मुलगी होती. चार वर्षांची होऊन तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा विषय निघत नसे.

आईनं गॅसला हात लावला नाही. परसात तीन दगड मांडून ती पुन्हा धुरात बसली आणि खोकू लागली. चार दिवस मी ते ऐकलं. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. गवंड्याला बोलावून म्हणालो, "फोडा तो धोंडा, तुकडे करा."

गवंड्यानं घण उचलला तशी आई धावत आली आणि दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"फोडू नगा. ती सारखी ह्याच्यावर बसायची. तिन्हीसांजंला उंबऱ्यावर बसू नये म्हणून मी उठवायची. त्या दिवशी ऐकंना, तर पाठीत धपाटा घातला. सकाळी अंगात ताप." तिला धाप लागली. "पाण्याखाली एकटंच होतं लेकरू. आता आलंय, तर त्याच्या डोस्क्यावर डबं कुठं मांडू? उंबरा हाय त्यो, दारात घाला."

दादा भिंतीकडं तोंड करून रडले. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गवंड्यानं दगड काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात बसवला. डब्यांसाठी साधी फरशी आली.

संध्याकाळी आईनं गॅस पेटवला. आधी एक चानकी केली, लहान पोरांसाठी करतात तेवढीशी भाकरी. ती ताटलीत घालून उंबऱ्याजवळ ठेवली. मी पाणी प्यायला आत निघालो होतो. तिन्हीसांज झाली होती. माझी चाहूल लागून आई मलाच काही म्हणाली असं वाटून मी दारातच थांबलो, पण ती तव्याकडं बघत होती आणि तिचा इतका मऊ आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"बस गं. कोण उठवत न्हाय."