पाणी इथपर्यंत आलं होतं

महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

यात लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. घर कोरडं राहिलं, तर देवाला नारळ फोडावा आणि गप्प बसावं. गप्प तर मी बसलोच. गप्प बसण्याचा मला लहानपणापासून सराव आहे. गावच्या दूध संस्थेत मी सेक्रेटरी; दूध मोजतो, फॅट लावतो, आकडा सांगतो आणि तोंड मिटतो. 'दत्तूअण्णाचं माप कधी चुकत न्हाई' अशी गावात माझी ख्याती आहे. (ही ख्याती लक्षात ठेवा. पुढे तिनेच घात केला.)

नदीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आम्ही सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मलकापूरला मावशीकडे गेलो. आई, माझी बायको, धाकटा भाऊ संभा, त्याची बायको रूपाली आणि मुलं एका ट्रॉलीत, म्हशी दुसऱ्या ट्रॉलीत. म्हशींना जागा ऐसपैस होती, हे आई अजून ऐकवते. पाणी ओसरल्यावर घर बघायला मी आणि आई तेवढे आधी परत आलो.

गल्लीत शिरलो. दारोदार चिखल. खालच्या अंगाला राहणारे मगदूम आप्पा दारात उभे राहून फावड्याने चिखल ओढत होते आणि त्यांचा फ्रिज अंगणात उताणा पडला होता. आमचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, जरा चढावर. मी कुलूप काढलं. पुढच्या सोप्यात, उंबऱ्यासमोर, आईने जाताना काढलेली रांगोळी जशीच्या तशी होती.

ठिपकासुद्धा हलला नव्हता. आत पेंडीचं पोतं कोरडं. कपाट कोरडं. भिंतीवरची पाल जागेवर.

मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज. अख्खी गल्ली बुडालेली आणि आपण मात्र कोरडे, म्हणजे पंगतीत सगळे उपाशी असताना आपणच ढेकर दिल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आप्पांची हाक आली.

"दत्तू, तुझ्यात किती आलं रं?"

'आलंच न्हाई' हे दोन शब्द बोलायला काय लागतं? आप्पांच्या कमरेपर्यंतच्या चिखलाकडे बघून मी ते गिळून टाकले.

"आलं की," मी म्हणालो.

"किती?"

मी हात वर केला. तो छातीशी थांबला. का थांबला ते मला आजही माहीत नाही.

"आरं देवा," आप्पा म्हणाले. ज्याचा फ्रिज उताणा पडलाय तो माणूस माझ्याकडे अशा कीवेने बघत होता की आता माघार घेणं शक्यच नव्हतं. घर बघायला कुणी येण्याआधी मी आत गेलो आणि पायाने रांगोळी पुसली. आई मागेच उभी होती. तिने एकदा पुसलेल्या रांगोळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता केरसुणी आणायला गेली. (गप्प बसणं आमच्याकडे वारशानेच आलंय.)

संध्याकाळी कुठल्या तरी शहरातले लोक टेम्पोतून मदत घेऊन आले. "पावणं, हिकडं बी या," असा सगळीकडून गलका झाला. मी घरातच दडून बसलो. आप्पांना दोन चादरी मिळाल्या होत्या. त्यातली एक घेऊन ते चिखल तुडवत आमच्या दारात आले.

"घे. तुझ्यात जास्त आलंय."

मी घेतली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात तरुण मंडळाने ठरवलं की प्रत्येक घरावर पुराची रेघ मारायची, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल. अक्षर चांगलं म्हणून ब्रश माझ्या हातात दिला. अख्ख्या गल्लीच्या रेघा मी मारल्या. पट्टी लावून, दोरी धरून, प्रत्येकाला विचारून. सगळ्या खऱ्या. शेवटी माझ्या घराशी आलो आणि पोरं म्हणाली, "अण्णा, तुमच्यात छातीला ना?" ऑइलपेंटने मी छातीला रेघ ओढली आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'महापूर. पाणी इथपर्यंत आलं होतं.'

संभा परत आला आणि कपाट ठोकून बघत म्हणाला, "दादा, छातीएवढं पाणी आलं आणि हे फुगलं न्हाई?"

"चांगलं सागवान आहे," मी म्हणालो.

संभाने हे गावभर सांगितलं. ते कपाट करणाऱ्या सुताराला आमच्या गल्लीतून कपाटाच्या पुष्कळ ऑर्डरी मिळाल्या.

अशी काही वर्षं गेली. पाहुणे माझ्या रेघेशेजारी उभे राहून फोटो काढत. मी तेवढ्यात चहाचं बघायला आत जात असे. रेघ भिंतीवर होती, मी माझ्या जागी होतो, आणि हे असंच माझ्याबरोबर सरणावर जाईल अशी मला आशा होती.

पण घर अपुरं पडायला लागलं. रूपाली मुलांना घेऊन पेंडीच्या पोत्यांशेजारी झोपायची. एका सकाळी पोतं कलंडून तिच्या अंगावर आलं. तिने कपडे भरले, मुलं घेतली आणि माहेरी नेसरीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माझी चूल वेगळी झाल्याबिगर मी येणार न्हाई." संभा दर रविवारी नेसरीला जायचा आणि सोमवारी आणखी वाळून परत यायचा. शेवटी आम्ही ठरवलं की घराला लागून मागे जे परडं आहे, तिथे संभाने दोन खोल्या बांधायच्या. ग्रामपंचायतीकडे बांधकाम परवानगीचा अर्ज गेला.

स्थळ पाहणीला सरपंच वहिनी, उपसरपंच तात्या आणि ग्रामसेवक आले. ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. संभाने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"पूररेषेच्या आत असंल तर परवानगी देता येत न्हाई," भाऊसाहेब नकाशा उलगडत म्हणाले. "पण नकाशात आख्खं गाव तिळाएवढं. ह्यात तुमचं परडं कुठं शोधू?"

"नकाशा कशाला?" तात्या म्हणाले. "दत्तूअण्णानं लिवून ठेवलंय की."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. सरपंच वहिनी रेघेशी जाऊन उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या हनुवटीला लागली.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "मी बुडालेच की."

भाऊसाहेब हुशार माणूस. ते गल्लीच्या खालच्या टोकापर्यंत चालत गेले आणि विचार करत परत आले. "खालच्या घरावर रेघ कंबरेला आणि वरच्या घरावर छातीला? पाणी चढाला कसं गेलं?"

माझा जीव भांड्यात पडायला निघाला होता. आता आपोआप उघडकीला येईल, आपल्याला बोलावंसुद्धा लागणार नाही.

"फुगवटा," तात्या म्हणाले.

"कसला?"

"परड्यामागच्या वढ्याचा. नदीनं वढा मागं दाबला, ते पाणी परड्याकडनं घुसलं. म्या बघितलंय की."

तात्या त्या वेळी इचलकरंजीला साडूकडे होते. पण जमलेल्यांपैकी आणखी तिघांना तो फुगवटा आठवला. एकाला तर त्यात वाहून चाललेलं रेडकूही आठवलं.

"अण्णा, मागनंच आलतं ना?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते आठवत नाही. त्यांनी 'होय' लिहून घेतलं.

"म्हणजे परडं तर आधी बुडतंय," भाऊसाहेब म्हणाले. "अवघड हाय. मासिक सभेत ठेवतो, पण नामंजूरच समजा."

"मग काय पन्हाळ्यावर बांधू व्हय घर?" संभा म्हणाला.

"तिकडं परवानगी आणखी अवघड."

मंडळी चहा पिऊन गेली. संभा पायरीवर बसून राहिला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादा, तुझा काय दोष? पाणी आलं ते आलं."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवताना उठून भिंत बघून यायचो. संस्थेत फॅट लावताना भलताच आकडा लिहून जायचो. त्या आठवड्यात गावातल्या काही गाईंनी म्हशीसारखं दूध दिलं. (कुणीही तक्रार केली नाही.) बायको म्हणाली, "तुमास्नी मुंग्या चावतात का काय?"

एका दुपारी सगळे शेताकडे गेल्यावर मी टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन भिंतीला भिडलो. तासभर घासलं. भोवतालची भिंत पांढरीशुभ्र झाली आणि मधली रेघ नव्या नवरीच्या कुंकवासारखी उठून दिसायला लागली. मग मला दुसरी युक्ती सुचली. खाली, घोट्याएवढ्या उंचीवर, नवी रेघ ओढायची, तिथे 'पाणी इथपर्यंत आलं होतं' असं लिहायचं आणि वरची रेघ पांढऱ्या रंगाने झाकून टाकायची. खालची रेघ झकास आली. पांढऱ्याचा डबा उघडला तर रंगाचा दगड झालेला. नवा डबा आणायला सायकलवर टांग टाकली आणि परत येतो तो तात्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे.

"अण्णा, दुसऱ्यांदा बी आलतं? बोलला न्हाईस कधी."

मी डबा पाठीमागे लपवला.

"दोनदा बुडालेलं घर," तात्या हळहळत म्हणाले. "भाऊसाहेबांस्नी सांगाया पायजे."

मासिक सभेला संभा दाराशी उभा होता. त्याने नेसरीला फोन लावून मोबाइल खिशात ठेवला होता, म्हणजे निकाल रूपालीला परस्पर ऐकू जावा. आई त्याच्यामागे भिंतीला टेकून बसली होती. मगदूम आप्पाही आले होते. ते प्रत्येक सभेला पंख्यासाठी येतात. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, दोन पुरांचा उल्लेख केला आणि 'नामंजूर' म्हणायला तोंड उघडलं.

मी उठलो. एरवी तिथे मी उठतो तो जागा बदलायला, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

"पाणी आलं नव्हतं," मी म्हणालो.

"कुठं?" सरपंच वहिनी.

"आमच्यात. थेंबसुद्धा. रेघ मी खोटी मारली."

तात्यांनी खिशातून रुमाल काढला.

"बघा," ते डोळे टिपत म्हणाले. "ह्या माणसाचं माप आजवर चुकलं न्हाई. आन् आज भावासाठी सोताचं माप खोटं म्हणाया उभा ऱ्हायलाय."

"खोटंच आहे ते," मी म्हणालो.

"बास अण्णा, बास." सरपंच वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

संभाने येऊन मला मिठी मारली. "दादा, माझ्यासाठी खोटं बोलू नगंस." त्याच्या खिशातून रूपालीच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो आणि अख्ख्या सभेने ते थोर मनाचं खोटं म्हणून डोक्यावर घेतलं.

"रांगोळी पुसली ह्यानं," मागून आवाज आला.

आई उठून उभी राहिली होती. "म्या काढलेली रांगोळी सोप्यात तशीच हुती. ह्यानं पायानं पुसली. पेंडीचं पोतं बी कोरडं हुतं. ती पेंड म्हशींनी दिवाळीपतोर खाल्ली."

तात्यांनी रुमाल परत खिशात ठेवला. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. पेंडीवर सगळ्यांनी ठेवला. "म्हंजे कपाट सागवानी न्हवतं व्हय?" असा एक आवाज मागून आला. (त्याने दोन करून घेतली होती.)

मी बघत होतो ते आप्पांकडे. त्यांनी पंख्यावरची नजर माझ्याकडे वळवली.

"दत्तू, ती चादर हाय का रं?"

"आहे आप्पा." ती मी कधी अंगावर घेतलीच नव्हती. घडी घालून कपाटात ठेवली होती, त्याच कपाटात.

"मग धुऊन आणून दे. थंडीत दोघांत एकच पुरत न्हाई."

त्यांनी चारचौघांत मारलं असतं तर कमी लागलं असतं.

भाऊसाहेबांनी पेन उघडं धरलं होतं. "आता काय लिवू? पाणी आलं का न्हाई?"

"अण्णा आधी खरं का आत्ता खरं, ते नदीला ठावं," सरपंच वहिनी म्हणाल्या. "पोरीचं घर कशाला अडवायचं? परवानगी द्या. पण जोतं अण्णाच्या वरच्या रेघंच्या वर पायजे. म्हंजे पूर आला तरी भ्या न्हाई, न्हाई आला तरी भ्या न्हाई."

ठराव मंजूर झाला.

संभाने परडं मुरमाने भरून काढलं आणि छातीएवढ्या जोत्यावर दोन खोल्या बांधल्या. रूपाली नेसरीहून आली, वेगळी चूल पेटली. घराला इतक्या पायऱ्या आहेत की गावातली पोरं त्याला गड म्हणतात. आई दुपारचं धाकट्याकडे जेवते. गुडघे धरून चढते आणि प्रत्येक पायरीवर थांबून माझं नाव घेते. मला ते घरात बसून ऐकू येतं. चादर मी धुऊन दिली, आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "नवीच हाय की."

यंदा पाऊस लागला आणि संभाच्या उंच अंगणातलं सगळं पाणी उतार धरून सरळ आमच्या दारात साचलं आणि सोप्यात शिरलं. ज्या घरात महापूर शिरला नाही, तिथे मी धोतर खोचून बादलीने पाणी उपसत होतो. आप्पा छत्री घेऊन बघायला आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. वाकून भिंत तेवढी पाहिली.

पाणी खालच्या रेघेला बरोबर टेकलं होतं.

"दत्तू," ते म्हणाले, "तुझं माप काय चुकत न्हाई बघ."