हीटर लावून अणदूरला

अन्वी, रोहन, तुमच्या कॅनडात हीटरशिवाय गाडी बाहेर निघत नाही. आमच्याकडे गाडीत ते बटण कशासाठी असतं, हे पुष्कळांना ठाऊकही नाही. तरी मार्चअखेरीच्या उन्हात, हीटर पूर्ण चालू करून आणि चारही काचा खाली करून मी आणि तुमचे आजोबा कळंबहून अणदूरला चाललो होतो. आता हे कसं झालं ते क्रमाने सांगते.

आजोबांची पांढरी गाडी महिनाभर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी) गिळत होती. टाकी भरावी आणि चार दिवसांत पातळी खाली. आजोबा रोज गाडीखाली वर्तमानपत्र अंथरत आणि सकाळी वाकून त्यावर डाग शोधत. डाग कधीच नसे.

"बघ, गळत नाही," ते म्हणत.

"मग जातं कुठे?" असं मी विचारलं, की त्यांना लगेच झाडांना पाणी घालायची आठवण होई.

तुमच्या बाबांनी फोनवर निकाल दिला होता. इंजिनच पाणी पीत असेल, तर त्या म्हाताऱ्या गाडीत जीव अडकवू नका, भंगारात द्या. डिसेंबरात आम्ही आलो की स्टेशनवरून टॅक्सी करू. यातला टॅक्सीचा भाग आजोबांना लागला. धाराशिव स्टेशनवर तुम्हाला घ्यायला स्वतः जायचं, हा त्यांचा मान. तो जाणार म्हणून त्यांचं जेवणात लक्ष नसे. आमटीत मीठ नव्हतं, तेसुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी त्यांनीच ठरवलं, की अणदूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, लताकडे, जायचं आणि वाटेत धाराशिवला बालाजी मिस्त्रीला गाडी दाखवायची. बालाजी त्यांचा शाळेतला विद्यार्थी. लताने कळंबचा गूळ मागितला होता. मी ढेप प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून, वर कापडी पिशवी घालून माझ्या पायाशी ठेवली.

येरमाळ्यापर्यंत छान गेलो. ज्वारी निघालेली, काळी रानं मोकळी, बांधावर कडब्याच्या गंजी. गाडीत गोडसर वास दरवळत होता आणि माझा उजवा पाय चिकट होऊ लागला.

"अहो, गूळ पाझरतोय."

"ऊन आहे," आजोबा म्हणाले. गाडीबद्दलच्या प्रत्येक तक्रारीला त्यांच्याकडे हेच उत्तर असतं.

येडशीच्या घाटात इंजिनाचा काटा वर चढू लागला. हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, असं आजोबांनी मोबाईलवर पाहिलं होतं. त्यांनी बटण फिरवलं. काटा खरोखर उतरला. आम्ही मात्र शिजलो. त्यात समोरची काच आतून धूसर झाली. आजोबांनी रुमालाने पुसली, तर ती आणखी चिकट झाली. झाडावरची माकडं आमच्याकडे पाहत होती. त्यांच्यातल्या एकालाही घाम आलेला नव्हता.

चहाच्या टपरीशी थांबलो. आजोबा बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच टपरीवरची बाई ओरडली, "ओ बाबा! हात काढा तिथून! आमचे मालक असंच उघडाय गेले, तोंड भाजून घेतलं. आधी च्या घ्या, निवू द्या त्याला."

"मी नुसतं बघत होतो," आजोबा म्हणाले.

"लांबून बगा की मग," असं म्हणून तिने त्यांना बाकावर बसवलं. तुमच्या आजोबांना इतक्या लवकर बसवणं मला अजून जमलेलं नाही.

धाराशिवला बालाजीने "जयभीम सर" म्हणून पायांना हात लावला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "हेड गॅस्केट गेलंय, सर. इंजिनच पाणी प्यायलंय. आता हिच्यात काय राम न्हाय."

आजोबांचा चेहरा उतरला. पण त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलंय. "बालाजी, शाळेतही तू उत्तर आधी लिहायचास. पायऱ्या दाखव."

"व्हय सर," बालाजी हसला आणि कामाला लागला. गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली पट्टी, गेलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळून ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर येतो. झाकण स्वच्छ निघालं. मागून पांढरा धूर येतो, तोही नव्हता. मग इंजिन निवाल्यावर त्याने रेडिएटरवर हातपंप बसवून दाब भरला.

"आज्जी, उतरता का खाली?"

"नाही, बाबा. गुडघे दुखतात. आत सावली आहे."

पंपाचा काटा हळूहळू पडू लागला, म्हणजे गळती नक्की होती. बालाजी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. "एक थेंब न्हाय कुठं. सर, ऱ्हायलं काय मग? आतच जायलंय. गॅस्केटच."

आजोबा टपावर हात ठेवून नुसते उभे राहिले. आणि तेवढ्यात माझ्या उजव्या पायावर टपकन थेंब पडला. मग दुसरा.

"अहो," मी म्हटलं, "गाडी सावलीत उभी आहे, मग गूळ परत कसा पाझरायला लागला? आणि वरून?"

बालाजीने दार उघडून पायपुसणं उचललं. खाली हिरवं पाणी साचलेलं. त्याने बोट बुडवून वास घेतला आणि मोठ्यांदा हसला. "सर, उत्तर चुकलं माझं! हीटरची जाळी फुटलीया. इंजिनाचं पाणी तिच्यातनंच फिरतंय. सगळं पाणी आज्जीच्या पायावर. ह्यो वास गुळाचा न्हाय, कूलंटचा हाय!"

पिशवी उघडली. ढेप कोरडी ठणठणीत होती. फक्त गाठ माझी नव्हती आणि ढेपेचा एक कोपरा गायब होता. साखर वर्ज्य असलेले तुमचे आजोबा त्या वेळी आकाशाकडे पाहत होते.

"कूलंट इखारी असतंय, ह्यो गूळ खाऊ नगा," बालाजी म्हणाला. त्याने हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढून एका रबरी नळीने एकमेकींना जोडल्या, म्हणजे पाणी आता हीटरकडे जाणारच नाही. पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही. आजोबांनी पाठ थोपटली. बालाजीची नव्हे, गाडीची.

अणदूरला लताने शेंगुळे (हुलग्याच्या पिठाच्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या कड्या) केले होते. गूळ मी धाराशिवच्या बाजारातून घेतला होता. तिने चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "काही म्हणा, कळंबच्या गुळाची ही चव इथल्या गुळाला न्हाय." आम्ही दोघांनी मान डोलावली.

परतीच्या वाटेवर काटा शहाण्यासारखा मध्यावर होता आणि आजोबा माझ्यासकट सगळ्यांवर खूश होते. घरी आल्यावर त्यांनी तुमच्या बाबांना फोन केला. "टॅक्सी नको," एवढंच म्हणाले. तो मी ऐकलेला त्यांचा सर्वांत छोटा फोन.

तेव्हा डिसेंबरात स्टेशनवर तेच उभे असतील. पहाटे इथेही बोचरी थंडी असते आणि आता या गाडीत हीटर नाही. मागच्या सीटवर दोन शाली ठेवलेल्या असतील. शालींना गुळाचा वास आला, तर मला नाही, आजोबांना विचारा.