कोकमाच्या आगळातले स्फटिक

स्फटिकांच्या तासाला कुणी जांभई दिलेली मला खपत नाही. मुलं हे ओळखून आहेत, त्यामुळे त्या तासाला सगळे डोळे ताणून बसतात. रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण प्रकल्पासाठी आपणहून स्फटिक मागून घेणारी विद्यार्थिनी मला एकच मिळाली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, बंदराजवळ घर. वडील बोटीवर, आई रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ करून बाटल्या विकणारी. मुलगी बोलायला फटकळ होती. आमचं पटलं ते बहुधा त्यामुळेच.

प्रकल्प ग्लायसीनचा होता. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातलं हे सगळ्यांत लहान. चवीला गोड, कोळंबीला जी गोडी असते तीत याचा मोठा वाटा. साध्या पाण्यात विरघळवून ठेवलं की त्याचे जाड, बुटके स्फटिक येतात. पाणी पुरेसं आंबट केलं तर तेच ग्लायसीन लांबट आणि आतून निराळ्या रचनेचे स्फटिक देतं. वर्गात मी हे फुगडीवरून सांगते. ग्लायसीनच्या रेणूला एक धन टोक असतं, एक ऋण. साध्या पाण्यात दोन-दोन रेणू एकमेकांचे हात धरून फुगडीला उभे राहतात आणि त्या जोड्यांचा स्फटिक रचला जातो. आम्लात पुष्कळ रेणूंचा एक हात अडकतो, फुगडी जमत नाही, मग ते एकामागे एक रांगेत लागतात.

हे सगळं पुस्तकात आहे. बाटलीतलं आम्ल ओतून पुस्तकातलंच पुन्हा दाखवण्यात तिला रस नव्हता. तिला ते घरच्या आगळाने करायचं होतं. मला कल्पना आवडली. आगळाइतकं आंबट आमच्या घरांत दुसरं असतं तरी काय? तिने आगळ गाळून घेतलं, त्यात ग्लायसीन विरघळवलं आणि बशा खिडकीत ठेवल्या. स्फटिक आले ते लांबट, फिकट गुलाबी. मुंबईला पाठवून क्ष-किरणांनी तपासून घेतले. रचना ती दुसरी, रांगेतलीच होती. आम्लाने स्फटिकाची घडण बदलते असा निष्कर्ष लिहून तिने प्रबंध बांधूनही आणला, आणि मी स्टाफरूममध्ये तिचं कौतुक करून सगळ्यांचे कान किटवले.

तेवढ्यात पुण्याहून माझा भाऊ आणि वहिनी आंबे खायला आले. वहिनीने हौसेने सोलकढी केली. आगळाची बाटली मीच दिली होती, त्या मुलीच्या आईकडची. भावाने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. कढी खारट ढुस्स झाली होती. वहिनी हिरमुसली. म्हणाली, "ताई, यात आधीच मीठ असतं हे कुणी सांगायचं?"

मला हसू आलं. हे काय सांगायला लागतं? आगळ म्हटलं की मीठ आलंच, नाहीतर ते वर्षभर टिकेल कसं? आणि हसता हसता मी जेवायची थांबले. ग्लायसीनला मिठानेही तेच लांबट रूप येतं. हे मला माहीत होतं, त्या मुलीलाही माहीत होतं. पण आगळात मीठ घातलेलं असतं असं आम्ही मुळी धरतच नाही. आमच्या लेखी आगळ हीच एक वस्तू. घाटावरच्या कुणीही पहिला प्रश्न हाच विचारला असता.

मी लगेच त्या मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हे आंबटाचं काम का खारटाचं, ते आपल्याला ठाऊकच नाय, मॅडम."

तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. तिला पुढे मुंबईत संशोधन करायचं होतं, आणि ते सगळं या प्रकल्पाच्या गुणांवर लटकलेलं. मी म्हटलं, दोन ओळींची पुरवणी जोडू आणि मोकळ्या होऊ. तिने साफ नाही म्हटलं. रातांबे अजून झाडावर आहेत, एवढंच बोलली आणि पावस गावात मावशीच्या बागेत जाऊन पिशवीभर घेऊन आली. प्रयोगशाळेच्या टेबलावर बसून तिने त्यांचा बिनमिठाचा रस काढला. एका बशीत तो रस, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी, दोन्हींत ग्लायसीन.

मिठाच्या बशीत लांबट स्फटिक आले. रसाच्या बशीत जाड, बुटके. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याचं श्रेय आम्लाला देत होतो ते मिठाचं होतं. मला वाटलं आता ही रडणार. ती चिडली. तिने रसाची आम्लता मोजली, ती चांगली होती. ग्लायसीन विरघळल्यावर पुन्हा मोजली, तर बरीच उतरलेली. ग्लायसीननेच आंबटपणा गिळला होता. मग तिने रस आटवून दाट केला, मोजत मोजत हवा तेवढा आंबट राहील असा बेत जमवला आणि नवी बशी लावली. त्यात लांबट स्फटिक आले, थोडे बुटकेही मध्ये होते. आमच्याच अवरक्त किरणांच्या यंत्रावर तिने ते एकेक करून तपासले. मग बांधलेला प्रबंध उसवून सगळं लिहिलं, पहिल्या चुकीच्या निष्कर्षासकट.

परीक्षेला मुंबईहून आलेले सर त्या चुकीच्या निष्कर्षाचं पान पुन्हा पुन्हा उलटत होते. शेवटचा प्रयोग तेवढा ठेवला असता तरी भागलं असतं, मग हे आधीचं कशाला ठेवलंत, असं त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "सर, आगळ आमच्या घरचं आहे. त्यात मीठ घालायचं काम लहानपणापासून माझंच. आणि मीच ते धरायला विसरले. हे लिहिलं नाही तर आमच्याकडची पुढची मुलगी पण विसरेल."

मला इतका अभिमान वाटला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. परीक्षा चालू असताना मार्गदर्शकाने डोळे पुसलेले बरे दिसत नाहीत.

सरांनी प्रबंध मिटला आणि मुंबईला कधी येणार, असं तिला विचारलं. ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले. चूक अशी उघड लिहायला मुलांना तुम्ही कसं शिकवता, म्हणाले.

मी म्हटलं, "मी फक्त स्फटिक शिकवते. हे ती घरून घेऊन आली."