खुंटेकाकांचा बुडबुडा

खुंटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जमिनीच्या मोजणीत काठी धरणारा माणूस खुंट्यासारखा उभा राहायला हवा, आणि काका बावीस वर्षं तसे उभे राहिले. नाकावर माशी बसली तरी त्यांचा हात ढळायचा नाही. मी मोजणीदार म्हणून लागले तेव्हा साहेब म्हणाले होते, "यंत्राचं तू बघ. काठीची काळजी नको, ती खुंट्याकडे आहे."

काठी माणसाहून उंच. टोकाला यंत्र, आणि मध्यावर काचेची डबी. तिच्यातला बुडबुडा बरोबर गोलात आला की काठी सरळ. तो फक्त काकांना दिसायचा. ते "घ्या!" म्हणाले की चार पावलांवर उभी असलेली मी हातातल्या पडद्यावरचं बटण दाबायचे.

एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं, "काय गं, वरून ते उपग्रह बघतात म्हणजे माझं टक्कलही दिसत असेल?"

"छे हो! त्यांना आपण असलो काय, नसलो काय. ते नुसते ओरडत असतात, आत्ता इतके वाजले, मी अमक्या जागी आहे. हाक खाली यायला किती वेळ लागला त्यावरून आपलं यंत्र काढतं, कोण किती लांब. निदान चौघांची हाक आली की आपली जागा सापडते."

"टॅक्सीवाल्याच्या फोनमध्ये पण हेच?"

"हेच. पण त्याला दार सापडलं की झालं, दोन पावलं इकडेतिकडे चालतात. आपल्याला बोटभर चूकही महाग. म्हणून तर दुसरं यंत्र जागा आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर बसवलंय. ते एका जागी बसून आपल्या चुका काढतं."

"आमच्या घरी आहे तसलं एक," काका म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

मग आकडे नाचायला लागले. एकच कोपरा तीनदा मोजला तर तीन उत्तरं. मी झाडांना दोष दिला, पत्र्यांना दिला, यंत्राला तर शिव्यांची लाखोली वाहिली. दुरुस्तीवाल्याने ते तपासून परत पाठवलं, ठणठणीत म्हणून. काका काठी पुसत बसले.

एके दिवशी आम्ही रुंद होणाऱ्या रस्त्याची हद्द मोजत होतो. कोपऱ्यावरच्या एका खोलीत एक बाई शिवणकाम करायची. हद्दीत येईल ती भिंत पडणार होती. काका "घ्या!" म्हणाले, मी घेतलं. भिंत चार बोटं आत.

"चार बोटांसाठी?" बाईंनी विचारलं.

"आकडा माझ्या हातात नसतो हो," मी म्हणाले.

त्या आत गेल्या आणि शिलाई मशीन भिंतीपासून ओढायला लागल्या. फरशीवर ते घासल्याचा आवाज आला.

"तो आकडा पूस," काका म्हणाले. "बुडबुडा मध्ये नव्हता."

"मग घ्या कशाला म्हणालात?"

"तो मध्ये राहतच नाही. जाताजाता मध्ये आला की म्हणतो. सहा महिने झाले." त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता. "सांगणार होतो गं. पण काठी गेली की मी कोण?"

मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. सहा महिने मी आकाशाकडे बघत होते, चार पावलांवरच्या हाताकडे नाही.

मी पडदा त्यांच्याकडे दिला आणि काठी घेतली. बुडबुडा पळत होता. श्वास रोखला, खांदे सैल सोडले, तेव्हा कुठे तो गोलात येऊन थांबला.

"घ्या," मी म्हणाले.

काकांचं बोट बटणावर दोनदा चुकलं. मी हलले नाही. तिसऱ्यांदा लागलं. मग आणखी दोनदा घेतलं. तिन्ही आकडे जुळले.

"भिंत तीन बोटं बाहेर आहे! बाई, मशीन ठेवा जागेवर," ते ओरडले. मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "आणि तू काठी सोडू नकोस. सहा महिन्यांचं सगळं परत मोजायचंय."