बिनऔषधाचं पान

तासगावात राहून द्राक्षाच्या पानासाठी वणवण करणारा माणूस साऱ्या मुलखात एकच निघेल, आणि ते म्हणजे आमचे धाकटे मामा. बावीस वर्षं त्यांनी कुवेतच्या एका हॉटेलात लेबनॉनी स्वयंपाक केला. मामी आजारी पडल्यावर, इस्पितळ जवळ पडतं म्हणून कवठे महांकाळच्या घराला कुलूप लावून त्यांनी तासगावात भाड्याने खोल्या घेतल्या. तेव्हापासून तिथल्या एकाही किराणा दुकानदाराला सुख लागलं नाही. मामा प्रत्येक वस्तू आधी तळहातावर चोळणार, मग डोळे मिटून हुंगणार आणि "ह्ये त्ये न्हवं" म्हणून परत ठेवणार. ऑलिव्हचं तेल अखेर औषधांच्या दुकानात सापडलं, बाळाच्या मालिशच्या कपाटात. मामांनी त्यात कांदा परतला. पार्सलीच्या पाल्यासाठी तर एसटीने पाचगणी गाठली. परतताना जुडी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी कोथिंबीर समजून चार काड्या मागितल्या, तर चक्क नाही म्हणाले. एवढा कंजूषपणा त्यांनी उभ्या आयुष्यात केला नसेल.

हा सगळा खटाटोप मामींसाठी. घशाच्या कॅन्सरवर किरणांचा शेक घेतल्यापासून त्यांच्या जिभेची चवच गेली होती. दोन घासांवर ताट सरकवायच्या. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. पोटात अन्न गेलं नाही तर पुढचे उपचार झेपायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काय खावंसं वाटतं विचारलं की मामी एकच सांगायच्या: दोघं कुवेतला असताना शेजारीण करायची त्या, द्राक्षाच्या पानात भात भरून लिंबाच्या रसात शिजवलेल्या गुंडाळ्या.

घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा, त्यामुळे मामा खुशीत पिशवी घेऊन निघाले. पहिल्याच बागवाल्याने त्यांचा हात धरला. "आवं मामा, कालच औषध मारलंय. आजारी मानसाला घालताय व्हय?" दुसऱ्याकडे परवा मारलेलं. तिसऱ्याकडे आठवडा झाला होता, तर मामा धुऊन घेतो म्हणाले. "पानाच्या आत उतरतंय त्ये. धुऊन जात न्हाई." मामा बागामागून बागा फिरले. सगळ्यांनी चहा पाजला, पान कुणी दिलं नाही. त्या माणसांचा मला अजून राग येत नाही, हीच पंचाईत आहे.

शेवटी मामांनी मोरीच्या पाण्यावर स्वतःच वेल लावली आणि तिच्यावर औषधाचा थेंब पडू दिला नाही. पावसात रोग पडून पानं करपली. मामा रोज चष्मा लावून एकेक पान पुसत बसायचे. पाऊस उघडल्यावर सात पानं धड निघाली आणि सात गुंडाळ्या झाल्या. मामींनी दीड खाल्ली आणि म्हणाल्या, "आवं, मीठ कमी झालंय."

मामा आत जाऊन ओट्याला धरून रडले. आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं ऐकून एवढा सुखावलेला आचारी मी पाहिलेला नाही.

दिवाळीच्या आत मामी गेल्या. दुसऱ्या वर्षी मी गेलो तेव्हा वेल मांडवभर पसरली होती आणि शेजारचा बागवाला पाठीवरच्या पंपाने तिच्यावर औषध मारत होता. मामा बाजूला उभे राहून फवाऱ्यातून सुटलेली पानं त्याला दाखवत होते. मी पंपाकडे बोट दाखवलं.

"मारू दे," ते म्हणाले. "घड तरी धरंल. पान खानारं कोन ऱ्हायलंय आता?"